कापलेलं जाळं

रविवारी मला घरात बसवत नाही. धामणगाव बढ्यात माझं औषधांचं दुकान आहे. सहा दिवस काउंटरमागे उभं राहायची सवय झालेली, सातव्या दिवशी हात रिकामे राहिले की जिवाची घालमेल होते. म्हणून ओळखीच्या एका शिक्षिकेनं विचारलं, "ताई, आम्ही धरणाचा काठ साफ करून राह्यलो, येता काय?" तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

आम्ही पाचजण होतो. बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, निर्माल्य. पण सगळ्यात वाईट म्हणजे गाळात रुतलेली नायलॉनची जुनी जाळी. त्यांत पाणसाप, पाणकावळे अडकून मरायचे. मेलेला पक्षी सोडवून झाला की दिवसभर जेवण जात नसे.

एका उन्हाळ्यात, पाणी मागे सरलेलं असताना, झुडपाला बांधलेल्या एका जाळ्यात मोठं मऊ पाठीचं कासव दिसलं. मानेभोवती दोरा आवळला होता. मी कात्री काढली आणि कापत सुटले. कासव पाण्यात गेलं. पण माझे हात थांबेनात. दुसरं काही अडकू नये म्हणून मी सगळ्या जाळ्याचे तुकडे करून पोत्यात भरले.

तेवढ्यात ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून एक म्हातारे मासेमार काठाला आले. पोत्यात डोकावले.

"हे चालतं जाळं होतं, बाई. सकाळीच लावलं होतं. कापलं काऊन?"

"त्यात कासव होतं, काका."

"असतेच. म्या त सोडलंच असतं त्याले. दर खेपेले सोडतो."

ते रागावले नाहीत. पोतं उचललं आणि निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

तो आठवडा वाईट गेला. एका गिऱ्हाइकाला खोकल्याऐवजी तापाचं औषध देत होते; त्यानंच मला थांबवलं. कासवाला वाचवलं यात माझं काय चुकलं, असं स्वतःला समजावायचे, आणि लगेच ते पोतं आठवायचं.

पुढच्या रविवारी बाकीच्यांच्या आधीच मी त्या काकांच्या काठावरच्या झोपडीवर गेले. ते तेच तुकडे जोडत बसले होते.

"मले शिकवता काय?" मी विचारलं.

"तुमच्यानं नाही होणार," ते म्हणाले, पण सुई पुढे केली.

मी मारलेल्या गाठींपैकी निम्म्या त्यांनी उसवल्या. तीन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी ते आपणहून म्हणाले, "फाटकं जाळं आम्हीबी पाण्यातच सोडून देतो. नेऊन टाकावं तरी कुठं?"

हे आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं. त्याच दिवशी झोपडीबाहेर एक पोतं बांधलं. महिन्याभरात ते दोनदा भरलं. इतर मासेमारही आणून टाकू लागले.

पण पलीकडच्या काठाला रस्ता नाही. तिथल्या बाभळींना लटकलेली जाळी इकडून दिसतात आणि माझं लक्ष कामात राहत नाही.

"तिकडं कसं जायचं, काका?" एका रविवारी मी विचारलं.

"ट्यूबवर. बसा."

"मले पोहता येत नाही."

"मले येते न," ते म्हणाले.

मी चपला काठावर काढल्या, गाठी आता हातानं सोडवता येतात म्हणून कात्री सोबतच्या शिक्षिकेच्या हातात दिली आणि ट्यूबवर बसले.