शेरा मराठीत होता

"नखं दाखव," मॅनेजर म्हणाले.

मी हातमोजे काढले. दोन्ही हात पुढे धरले. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पेनाच्या टोकानं माझी बोटं एकेक करून उलटी केली. नासका टोमॅटो उलटून बघावा तशी. स्वतःचा हात लागू दिला नाही.

भोसरीतलं आमचं वर्कशॉप. क्लीनरूमच्या दारात आठ माणसं उभी. मालक होते, पॅकिंगचे बबनकाका होते, मशीनवरचे तिघेचौघे होते. आणि परदेशातून आलेली इंजिनिअर बाई होती. तिच्यासमोरच हे चाललं होतं. पण मॅनेजर हसत हसत, मराठीत बोलत होते. रोजचीच तपासणी चाललीय असं तिला वाटावं म्हणून.

"तुम्हा लोकांना कितीही शिकवा. स्वच्छतेचे संस्कार घरातूनच यावे लागतात."

बाई माझ्याकडे बघून हसली. मालक मोबाईल बघत राहिले.

माझं घर मॅनेजरांनी कधी पाहिलेलं नाही. कामाला लागले तेव्हा त्यांनी मूळ गाव विचारलं. मग गावात घर कुठल्या बाजूला, ते विचारलं. मग म्हणाले, "अच्छा, अच्छा." त्या 'अच्छा'त काय होतं ते मला तेव्हाच कळलं होतं. पण नोकरी नवीन होती.

आमचं काम सांगते. युरोपात अनेक देशांनी मिळून बांधलेलं एक संशोधन केंद्र आहे. तिथं अतिशय ताकदवान लेसर चालतो. एका क्षणाच्या कणाएवढ्या वेळात एवढा प्रकाश एका ठिपक्यावर आणतात की समोरचा धातू वितळायला थांबतसुद्धा नाही, थेट उडून जातो. तो प्रकाश हवा काढून टाकलेल्या मोठ्या लोखंडी टाक्यांमधून, आरशांवरून वळवत नेतात. ते आरसे धरायच्या चौकटी आम्ही बनवत होतो. चौकटीवर बोटाचा पुसटसा तेलकट ठसा राहिला तरी तेलाची वाफ आरशावर बसते आणि पुढच्या झोताला आरसा जळतो.

म्हणून क्लीनरूम. ती माझ्याकडे होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी इथं आले. चौकटी धुणं, वाळवणं, दिव्याखाली तपासणं, दुहेरी पिशवीत बंद करणं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, दोन जोड हातमोजे. आणि प्रत्येक नगाची रजिस्टरमध्ये नोंद. त्या पानाचा फोटो नगाबरोबर ईमेलनं केंद्राला जायचा. नियमच तसा होता.

पहिल्या मालाची चौकट तिकडं पोचली आणि रिपोर्ट आला. एका कडेवर तेलाचा डाग, त्यात लाल रंगाचे कण. आरसा बसवायच्या आधी सापडला म्हणून वाचलं. त्या दिवसापासून मी आत गेले की बोलणी थांबायची. मॅनेजर माझ्या लॉकरजवळ दोनदा दिसले. मी विचारलं, "काय हवंय सर?" म्हणाले, "काही नाही." ज्याला काही नको असतं तो दुसऱ्याच्या लॉकरपाशी कशाला उभा राहील?

मग ती बाई तपासणीला आली आणि दारात माझी नखं बघितली गेली. त्या मालाला हात लावणारे आम्ही चौघं. नखं फक्त माझी.

नंतर मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. चहा मागवला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"बस गं. घाबरू नकोस. एक फॉर्मॅलिटी आहे, सही कर. नोकरीची जबाबदारी माझी."

कागद इंग्रजीत होता. दोनच ओळी. मी हातमोज्यांचा नियम पाळला नाही आणि ही चूक माझी एकटीची आहे.

मी पेन हातात घेतलं होतं. खरं तेच सांगते. घरात पप्पा निवृत्त, आईचे गुडघे गेलेले, पगार माझाच. पेन कागदाला टेकलंसुद्धा होतं.

आणि मला लाल कण आठवले.

माल निघायच्या दिवशी मालकांना पूजा करायची होती. परदेशातली पहिली ऑर्डर. मी चौकट पिशव्यांमध्ये बंद करून खोक्यात ठेवली होती. मॅनेजर म्हणाले, "खोका उघडा. नगालाच कुंकू लावू." मी म्हटलं, "सर, बाहेरून लावा ना, खोक्याला." तर म्हणाले, "तुमच्यात हे चालत नाही ना? मग तू जरा बाहेर थांब." किती सौजन्यानं म्हणाले. मी काचेबाहेर उभी राहिले. आत त्यांनी पिशवी फाडली, उघड्या बोटानं चौकटीला कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं. मग रुमालानं पुसलं आणि नवीन पिशवी चढवली.

ते गेल्यावर मी रजिस्टर उघडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात सगळं लिहिलं.

मी पेन खाली ठेवलं.

"मी सही करणार नाही."

"काय म्हणालीस?"

"सही करणार नाही. रजिस्टर आणते."

रजिस्टर कपाटात होतं. ते पान नव्हतं. शिवणीपाशी कागदाची बारीक पट्टी तेवढी उरली होती. मॅनेजर माझ्या मागोमाग आले होते. म्हणाले, "जुनं रजिस्टर आहे, निघालं असेल पान." पान नाहीय, हे मी त्यांना अजून सांगितलंच नव्हतं.

मी तशीच बाहेर आले. ती बाई मालकांबरोबर मीटिंगच्या टेबलाशी बसली होती. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं. बोलायला गेले की जीभ अडते. तरी बोलले. "मॅडम, माय पेज. यू हॅव फोटो."

तिनं लॅपटॉप उघडला. शोधलं. निघालं. माझं अक्षर, माझी सही. तिनं शेऱ्यावर बोट ठेवलं आणि खांदे उडवले. मराठी होतं ते. एवढे दिवस ते पान तिच्याकडे होतं आणि कुणाला वाचता आलं नव्हतं.

मी मोठ्यानं वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मॅनेजरांच्या सांगण्यावरून पूजेसाठी खोका पुन्हा उघडला. हातमोजे न घालता नगाला कुंकू लावले. मला बाहेर थांबवले होते." मग तिला सांगितलं, "बॉक्स ओपन. प्रेयर. रेड पावडर. नो ग्लव्हज. आय वॉज आउटसाइड."

"खोटं आहे," मॅनेजर म्हणाले. "मागाहून लिहिलंय."

तेव्हा बबनकाका बोलले. ते भोसरी गावठाणातले, जुन्या शेतकरी घरातले. सहसा तोंड उघडत नाहीत. "न्हाई साहेब. खोका म्याच उघडला, तुमी सांगितलं म्हनून. पोरगी भाईरच व्हती."

मालकांनी मोबाईल खाली ठेवला.

बाईनं सगळं टिपून घेतलं. जाताना माझ्याशी हात मिळवला, नोंदी चांगल्या आहेत म्हणाली. तिला तेलाचं कळलं. दारात मला काय बोललं गेलं ते तिला कळलं नाही, आणि ते सांगण्याएवढं इंग्रजी माझ्याकडं नव्हतं.

कंपनीनं केंद्राला उत्तर पाठवलं. त्यात कारण लिहिलं, 'पॅकिंग प्रक्रियेतील त्रुटी'. नाव कुणाचंच नाही. चूक माझी ठरत होती तेव्हा तिला नाव होतं, नखं होती, घर होतं, संस्कार होते. त्यांची ठरली आणि ती प्रक्रिया झाली.

पुढच्या सोमवारी मला क्लीनरूममधून काढून स्टोअरला बसवलं. पगार तोच. मालक म्हणाले, "बदल हवा ना माणसाला." मी त्यांना लेखी अर्ज दिला. मॅनेजर जे आठ जणांसमोर बोलले त्याची माफी त्यांनी त्याच आठ जणांसमोर मागावी. मालक म्हणाले, "रागाच्या भरात येतं गं बोलण्यात. आपण एक कुटुंब आहोत."

कुटुंब म्हटलं की मी आता कान टवकारते.

रात्री पप्पांना सांगितलं. पस्तीस वर्षं पिंपरीच्या कंपनीत रंगखात्यात होते, युनियनमध्ये होते. ते नोकरी सांभाळ म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "अर्जाची पोच घेतलीस का?"

"नाही."

"उद्या घे. तोंडी काही बोलू नको."

पोच घेतली. महिना गेला, उत्तर नाही. मग मी वकीलबाईंना भेटले आणि पोलीस ठाण्यात तक्रार दिली. त्या दिवसापासून रोज कुणीतरी गोड बोलायला येतं. मॅनेजरांची मुलगी बारावीला आहे म्हणे. मालक मला प्रमोशन देणार आहेत म्हणे. बबनकाकांना साक्षीचं विचारलं तर मान खाली घालून म्हणाले, "बगतो पोरी. मालक आमच्या भावकीतला हाय."

आले तर येतील. नाही आले तर मी एकटी सांगेन. पेनाचं टोक कुठल्या बोटाला लागलं, कोण कुठं उभं होतं, कोण हसलं, कोण गप्प राहिलं, सगळं नावानिशी सांगेन. तक्रार मागं घेणार नाही. नोकरीही सोडणार नाही. काढायचं असेल तर त्यांनी काढावं, लेखी काढावं, आणि कारण लिहावं.