गरम चाकातली हवा

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात, जिथे पत्र्याची सावली जेमतेम एका गाडीला पुरते, तिथे हवेचं मशीन आहे. अकरा वर्षं ते मावशींच्या ताब्यात आहे. मावशी हे काही त्यांचं नाव नव्हे, पण पंपावर सगळे त्यांना तेच म्हणतात. रागीट म्हणून त्या आसपास प्रसिद्ध आहेत. रोज सकाळी कॉम्प्रेसरचं बटण दाबण्याआधी त्या डोळे मिटून हात जोडतात आणि देवाकडे एकच मागणं मागतात, की आजच्या दिवस माझी जीभ आवर. दहा वाजेपर्यंत देवाला यश येतं. पुढचं सांगता येत नाही.

राग येण्यासारखं होतंच. गाडीतून काच अर्धी खाली यायची आणि आवाज यायचा, "टाका पस्तीस." गाडी कुठली, आत माणसं किती, काही नाही. सगळ्यांना आपलं पस्तीस! मावशी मुकाट्याने पुढचं दार उघडायच्या, चौकटीवरचा कंपनीचा कागद वाचायच्या आणि मगच पाइप हातात घ्यायच्या. "अहो, दार कशाला उघडता?" असं कुणी ओरडलं की म्हणायच्या, "गाडी बनवणाऱ्याने लिहून ठेवलंय, ते वाचते. तुम्ही नाही वाचलंत ना, मग कुणीतरी वाचायला हवं."

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. कामाला लागल्या त्या पहिल्याच महिन्यात त्यांनी एका मास्तरांच्या लहान गाडीच्या टायरवर कोरलेला आकडा वाचला, एक्कावन्न, आणि इमानेइतबारे तेवढी हवा भरली. तासाभराने मास्तर कंबर धरत परत आले. "बाई, गाडी आहे की चेंडू? प्रत्येक खड्ड्याला डोकं छताला लागतंय!" टायरवरचा आकडा म्हणजे त्या टायरची सहन करायची हद्द, भरायचा आकडा दाराच्या चौकटीवर असतो, हे मास्तरांनीच त्यांना दाखवलं. तेव्हापासून मावशींनी एकही दार न उघडता सोडलं नाही.

त्या दिवशी भर दुपारी बाराला सात माणसांची मोठी गाडी पत्र्याखाली येऊन थांबली. मावशींची थोरली बहीण, भाऊजी, त्यांचा मुलगा, सून, दोन नातवंडं आणि मागच्या सीटवर भाऊजींची म्हातारी आई. डिकी भरलेली, छतावर तीन बॅगा. ताईच्या लेकीला मुलगी झाली होती, तिला बघायला निघाले होते. अडीच तास झाले होते, पुढे चार तासांचा डोंगरातला रस्ता होता.

"काय मेव्हणीबाई, अजून हवाच खाताय का?" भाऊजी उतरले. "जरा बघा बरं किती आहे ते. गाडी कडक वाटतेय."

मावशींनी हवा मोजायचं गेज लावलं. एक्केचाळीस. चारही चाकं तेवढीच.

"बघितलंस!" भाऊजी मुलाकडे वळले. "सकाळी तिकडच्या पंपावर मी छत्तीस सांगितली होती. त्या गाढवाने एक्केचाळीस भरली. एवढं ऊन, एवढं वजन, फुटलं असतं ना टायर! काढा हो, उन्हात तीन कमीच बरी, तेहतीसवर आणा."

"भाऊजी, त्याने छत्तीसच भरली असणार. अडीच तास चाक पळालंय, तापलंय. तापलं की आतली हवा फुगते. आता काढाल ती गार झाल्यावर कमी पडेल."

"फुगलेली हवा काढायचीच असते."

"नसते काढायची. मोजायची ती गार चाकाला. हा बघा कागद. दोन माणसं असली तर तेहतीस, गाडी भरलेली असली तर छत्तीस. तुम्ही सात जण आहात."

"तीस वर्षं गाडी चालवतोय मी!"

"आणि तीस वर्षांत एकदाही हा कागद वाचला नाहीत."

गाडीत कुणीतरी हसलं. भाऊजींचे कान लाल झाले. त्यांनी मॅनेजरला हाक मारली. मॅनेजर आला, त्याने हात झटकले. "मावशी, गिऱ्हाईक सांगेल तेवढी हवा. आपण काय त्यांच्या गाडीचे मामा लागतो?"

"मी मावशी लागते!" त्या कडाडल्या. "आत माझी सख्खी बहीण बसलीय!"

त्यांनी पाइप खुंटीला अडकवला आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. भाऊजी कुणाचं ऐकणाऱ्यातले नव्हते. ते स्वतः खाली बसले, किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्हची खिळी दाबली. फुस्स. मध्येच गेज लावून बघायचं, परत फुस्स. पुढची दोन झाली. मागचं डावं झालं. तो आवाज मावशींच्या डोक्यात जात होता. कमी हवेचं चाक वजनाखाली दबतं, पळताना दबून दबून आणखी तापतं आणि एखाद्या वळणावर फाटतं. अशी चिंध्या झालेली चाकं त्यांनी या पंपावर डोळ्यांनी पाहिली होती. तो डोंगर, ती वळणं, मागच्या सीटवर ती लेकरं.

भाऊजी चौथ्या चाकाकडे वळले तेव्हा मावशी चाकाला पाठ टेकून जमिनीवरच बसल्या.

"उठा."

"नाही उठणार. ताई, तू खाली उतर."

ताईने आधी नवऱ्याकडे बघितलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, नवऱ्याच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती. मावशींना भाऊजींपेक्षा तिचाच जास्त राग आला.

"तुला जायचंय ना नातीला बघायला? की तिने पुढे तुला फोटोतच बघायचं?"

नको ते बोलून गेल्याचं त्यांना लगेच कळलं. त्यांनी जीभ चावली. पण दार उघडलं. ताई धाकट्या नातवाला काखेत घेऊन उतरली आणि कुणाकडेही न बघता पंपाच्या बाकावर जाऊन बसली. मागून म्हातारी म्हणाली, "मलाही उतरवा रे. या भट्टीत बसून भांडण ऐकण्यापेक्षा सावलीत बसून ऐकते." थोरल्या लेकराला घेऊन सून उतरली, मुलगा उतरला.

"कुणाकुणाला वेड लागलंय?" भाऊजी म्हणाले.

"दोन तास थांबा," मावशी म्हणाल्या. "चाकं गार होऊ देत. मग मोजू. तेहतीस निघाली तर मी तुमच्या पाया पडेन."

भाऊजी स्टिअरिंगमागे एकटेच बसून राहिले. मधे दोनदा हॉर्न वाजवला. कुणी उठलं नाही. मावशींनी तेवढ्या वेळात नऊ गाड्यांना हवा भरली आणि नवांपैकी सहांशी भांडल्या.

दोन वाजता त्यांनी गेज भाऊजींच्याच हातात दिलं. पहिलं चाक, एकोणतीस. दुसरं, एकोणतीस. तिसरं, जेमतेम अठ्ठावीस. हात न लावलेलं चौथं, सदतीस.

भाऊजींनी गेज उन्हात धरून हलवलं. "बिघडलंय हे."

मावशींच्या तोंडाशी आलं होतं बरंच, पण त्याआधी ताई बाकावरून उठून आली. तिने नवऱ्याच्या हातातून गेज घेतलं, वाकली आणि चष्मा सावरत स्वतः चौथं चाक मोजलं. मग पहिलं. "बिघडलं असतं तर चारही चाकांना सारखंच खोटं दाखवलं असतं," ती म्हणाली. "भर गं तू. छत्तीस."

मावशींनी भरली. भाऊजी तोंड फिरवून उभे होते. निघताना ताईने विचारलं, "परत येताना सकाळीच मोजायची ना, निघायच्या आधी?"

"सकाळी, गाडी हलवायच्या आधी. हे गेज ने."

"त्याची काय गरज आहे?" भाऊजी म्हणाले.

"राहू दे माझ्याकडे," म्हणत ताईने ते पर्समध्ये टाकलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

गाडी रस्त्याला लागली तशा मावशी पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळल्या. 'चुकलं' असं भाऊजी एकदाही म्हणाले नव्हते, आणि त्या गोष्टीचा राग त्यांना पुढचे चार तास पुरला. संध्याकाळी सहाला ताईचा फोन आला, पोचलो म्हणून. मागे तान्हं बाळ रडत होतं. मावशींनी तिथेच, पाइप हातात धरून, देवाला हात जोडले.

"भाऊजी काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"म्हणतात, गाडी आज छान पळाली."

"सांग त्यांना," मावशी ओरडल्या, "गाडी नाही, चाकं पळाली!"