कौसल्यावयनीचे टेकोडे

कौसल्यावयनींनी टेकोड्यांची, म्हणजे रानातल्या अळंब्यांची, भाजी खाऊ घालून नागोरावला मारलं, अशी बातमी आमच्या गल्लीत दोन दिवस फिरली. ती पोहोचवण्यात माझाही थोडा हात होता, कबूल करतो. प्रत्यक्षात नागोराव यवतमाळच्या दवाखान्यात खाटेवर बसून पेज मागत होता. त्याच कढईतली भाजी खाल्लेली त्याची बायको नंदाबाई आणि दोन्ही पोरी ठणठणीत होत्या. त्या वर्षी पराटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि नागोराव आठ दिवस तिच्यात तोंडाला फडकंही न बांधता फवारणी करत होता. पण डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं, नंदाबाईनं टेकोडे सांगितलं, आणि झालं. पराटी होती रामसिंगची. टेकोड्यांची गोष्ट सगळ्यात जोरात तोच सांगत होता.

वयनींचं घर माझ्या भिंतीला लागून. त्या वीस पावसाळे वारुळांवर उगवणारे टेकोडे घाटंजीच्या बाजारात विकतात. कोणत्या वारुळावर टेकोडे कधी फुटतात, हे त्यांनाच ठाऊक. मी दोनदा गुपचूप मागे गेलो, तर दोन्ही वेळा मला चिखलात फिरवून रिकाम्या हाती घरी आणलं. त्यांचा नेम एकच. वारुळाचा पहिला तोडा विकायचा नाही. तो स्वतः रांधून खायचा, मगच दुसऱ्या तोड्याची टोपली बाजारात.

मी म्हणायचो, "वयनी, तुमच्या चुलीचा धूर दिसला का मंगच मी पिशवी घेतो."

"एखाद्या दिवशी चूल पेटवतच नाई, भाऊजी. पाहू तुम्ही किती रडता ते."

या बाजाराला मात्र टोपली भरलेली गेली, भरलेलीच परत आली. जुनी गिऱ्हाइकं तोंड फिरवून वांगी घेत होती. वयनी त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. शेवटी मीच सुचवलं, "उद्या ताजे आणा, माह्या ओट्यावर सगळ्यांसमोर शिजवून खा. नाव साफ होते."

त्या तयार झाल्या. सकाळी अर्धी गल्ली ओट्यावर जमली. मी तवा, तेल, तिखट मांडून बसलो, जणू माझ्याच घरचं लग्न.

वयनी आल्या त्या रिकामी टोपली घेऊन. हात कोपरापर्यंत मातीचे.

"काहून वयनी, भेटले नाई?"

"भेटले. पराटीच्या काठी, धुऱ्यावरच्या वारुळाले टोपलीभर फुटले होते. छत्री उलटी करून पाह्यली त औषधाचा वास. सारे पुरून आली."

नंदाबाईनं पदर तोंडाला लावला. रामसिंग तेवढा हसला. "म्हणजे वयनी, तुमचाच तुमच्या टेकोड्यावर भरवसा नाई."

वयनींनी टोपली पालथी ठेवली.

"टेकोड्यावर हाये, रामसिंगभाऊ. तुमच्या पराटीतून उडून त्याच्यावर जे पडते, त्याच्यावर नाई."