काकींच्या कानातले बोळे

कानात कापसाचे बोळे घातलेल्या माणसाला ऐकू येत नाही, असं मी अर्धा हिवाळा धरून चालले होते. ही गोष्ट चाळीस सालानंतरची. मी सांगलीहून साताऱ्याकडं नवी सून म्हणून आलेली, आणि मराठी सातवी पास झाल्यामुळं अक्कल डोक्यात मावत नसलेली. बोळे होते माझ्या चुलत सासूबाईंचे, म्हणजे काकींचे. थंडीशी इतकं हाडवैर धरणारं माणूस त्या पंचक्रोशीत दुसरं नसेल. खुद्द थंडीही त्यांना वचकून शिरवळच्या पलीकडंच थबकत असेल.

दिवाळीची पणती विझली की लसूण घालून कढवलेल्या तेलाचे बोळे कानात जायचे, ते शिमग्यालाच निघायचे. वरून काकांचा पलटणीतला मफलर. "सर्दी नाकातनं जाती, पर येती कानातनं," हा त्यांचा सिद्धांत. शिंक कुणाचीही असो, इलाज त्यांचा. टाळूवर वेखंड, उशाशी ओव्याची धुरी आणि घशाखाली आलं-मिरी-तुळशीचा काढा. तो गड्यांनी प्यायला, पाहुण्यांनी प्यायला, एकदा ढासणाऱ्या बैलालाही पाजला. बैल पुन्हा ढासला नाही. काकी दिसल्या की मान फिरवायचा, एवढंच. पोस्टमन तर आमच्या दारात शिंक आली की गिळून टाकायचा.

मी त्यांच्यासमोर पदर सावरून, गोड हसून म्हणायचे, "काकी, तुमच्या मफलरात उंदरीण व्याली तरी तुम्हाला कळायचं नाही हो!" काकी मान डोलवायच्या, "व्हय बाय, व्हय." धाकट्या जाऊबाई तोंडात पदर कोंबून हसायच्या. माझ्या वाटीतल्या काढ्यात मिरी मात्र दिवसेंदिवस वाढत चाललेली. मला वाटे, नव्या सुनेचं कौतुक! (आता माझ्याच कानात बोळे असतात आणि नातसुना समोर काय काय बोलतात, ते मी मिटक्या मारत ऐकते.)

पौषात एका सकाळी, काकी नको नको म्हणत असताना, मी मुद्दाम अंगणातल्या रांजणाच्या गार पाण्यानं डोक्यावरून न्हाले. दिवस मावळेतो अंगात ताप, आणि घसा असा बसला की शब्द फुटेना. अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत काकींची दोन लेकरं गेली होती, हे सासूबाईंनी मला तेव्हा सांगितलं. काकींनी मला एका शब्दानं टोचलं नाही. तळपायांना काशाच्या वाटीनं तूप चोळलं, धुरी केली आणि माझ्या कानांत आपल्या हातानं बोळे घातले. त्या बोळ्यांतून मला चुलीवर काढा रटरटताना ऐकू येत होता. चुलीपुढं काकींचं पुटपुटणंही ऐकू येत होतं, "हिला नगं रं देवा, हिला नगं."

मला दरदरून घाम फुटला. सासूबाई म्हणाल्या, ताप उतरतोय.

ताप उतरला, घसाही सुटला. पण मी लाजेनं तोंड उघडेना. शेवटी काकी काढ्याची वाटी घेऊन माझ्यासमोर फतकल मारून बसल्या. कानातले बोळे तसेच, वर मफलर तसाच. म्हणाल्या, "आगं, मग? व्याली का न्हाई उंदरीण? बोल की कायतरी. तू गप झाल्यापासनं घर लय सुनं वाटतंया."