कागदाची मागची बाजू

कॉलेजातल्या त्या सरांनी मला सांभाळून घेतलं, हे आधी सांगते. झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की तेच आठवतात. आठवीतून शाळा सुटलेली मी, घरापासून लांब दौंडला झेरॉक्सच्या दुकानात कामाला होते. सरांनी वर्गासाठी झेरॉक्स काढायला अभ्यासक्रमाचा कागद दिला. पुढं धडे होते, मागं प्रकल्प द्यायची तारीख, मार्कांची वाटणी आन् सर कधी भेटतील ते. कागद उलटा घातला की मशीनमधे अडकायचा; मला वाटलं, अभ्यासक्रम म्हंजे धडेच, मागचं कोण वाचतंय? मी पुढचीच बाजू काढली. महिन्याभरानं सर दुकानात असतानाच लांबच्या इनामगावची एक पोरगी प्रकल्प घेऊन धापा टाकत आली. सर म्हणाले, "तारीख गेली. कागदावर होती." "न्हाई ओ सर, बघा की!" सरांनी तिचा कागद उलटला. कोरा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग शेजारी उभ्या मालकांकडं. "माझंच चुकलं. दे तो प्रकल्प इकडं," ते पोरीला म्हणाले. मालक हसले, "सर, तुम्ही बी विसरता व्हय?" मी मशीनची काच पुसत राहिले. जाताना सर हळूच म्हणाले, "जवळची पोरं येऊन विचारून जातात. मागची बाजू लांबून येणाऱ्यांसाठी असते, ताई." मीही लांबूनच आलेली. त्यांनी अंगावर घेतलेली ती चूक अजून त्यांच्याकडंच आहे. एक दिवस जाऊन, सगळ्यांसमोर, मी ती परत घेईन.