दाखवायला नेलेल्या साड्या

"घरी नेऊन दाखवा जी. नाही पटली त वापस आणा," असं म्हणत काका गिऱ्हाइकाच्या हातात एकीच्या ठिकाणी तीन साड्या कोंबायचे. अड्याळच्या बाजारात त्यांचं दुकान माझ्या घरासमोर होतं. बाया साड्या घरी न्यायच्या, सासूला-जावेला दाखवायच्या आणि एक ठेवून बाकीच्या संध्याकाळपर्यंत परत आणायच्या. तुमच्याही गावात असं दुकान असेलच. यांच्याकडचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, मात्र काकांच्या धाकट्या भावाने पवनीत स्वतःच्या मागावर विणलेला.

पुढे लोक फोनवरूनच कपडे मागवू लागले आणि दुकान ओस पडलं. तेव्हा पुतणीने काकांना मोबाइलवर साड्यांचे फोटो टाकायला शिकवलं. पवनीचा कोसा थेट पुण्या-मुंबईला विकता येईल, मधला व्यापारी नको, असं तिचं म्हणणं. ते खरंही होतं. काका मात्र धास्तावलेलेच. फोन वाजला की आधी घाम पुसायचे. व्हिडिओ कॉलवर पदर कॅमेऱ्यापाशी नेऊन म्हणायचे, "हात लावून पाहा." पलीकडची बाई हसायची, काका ओशाळायचे, आणि साडी विकली जायची.

एकदा पुण्याच्या एका बाईंनी एक साडी मागवली, पैसेही आधीच पाठवले. काकांनी पार्सलात तीन भरल्या. मी हटकलं.

"एकच धाडली त पसंत कशी करन, मास्तर? दोन वापस करन ना ते."

त्या दोन विकूनच भावासाठी पुढचं रेशीम घ्यायचं होतं. त्या आल्या नाहीत तर माग थांबणार, हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

साड्या मिळाल्याचा निरोप आला आणि मग काहीच नाही. काकांची झोप उडाली. विचारा म्हटलं तर म्हणाले, "विचारलं त भरोसा नाही असं वाटन तिले." म्हणून रोज एवढंच लिहायचे, जेवण झालं का. मला संताप यायचा, त्या बाईचा आणि काकांचाही. पुढे त्यांचे निरोप पोचेनासे झाले. तिकडे नेटवर्क नसेल, असं ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

माग थांबला. भाऊ तुमसरला राइस मिलमध्ये कामाला लागला. तो काकांना एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच त्यांना फार लागलं.

मुलाने नागपूरला बोलावलं तर काका निघेनात. "मी गेलो न पार्सल आलं त? दुकान बंद पाहून वापस जाईन ते."

शेवटी पार्सल मी घेईन म्हटलं. त्यांनी कुरिअरवाल्याला आणून माझं घर दाखवलं, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मगच गाडीत बसले.

गेल्या वर्षी काका नागपुरातच वारले. अजूनही कुरिअरवाला आमच्या गल्लीत शिरला की मी हातातलं काम टाकून दारात जाऊन उभा राहतो.