एड्सचा तास आणि हेडसर

नव्वदच्या दशकात आम्ही तिघं नवी मुंबईतल्या शाळांत एड्सवर तास घ्यायचो. मी, डॉक्टर सावंत आणि नर्स सुनंदाताई. विषयच असा, की तास संपेपर्यंत आठवडाभराच्या चहाला पुरतील एवढे किस्से जमायचे!

*

करावे गावाजवळच्या एका शाळेत हेडसरांनी आधीच बजावलं, "एड्सवर जरूर बोला. फक्त तो कशाने होतो, ते सांगू नका!"

"मग सांगू काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाईट असतो, एवढं पुरे. आणि एक जरी पालक तक्रार घेऊन आला, तर कार्यक्रम बंद."

आजूबाजूच्या शाळा याच शाळेकडे बघून आम्हाला बोलवायचं की नाही ते ठरवणार होत्या.

*

पोरं लाजतात, म्हणून आम्ही बिस्किटांचा रिकामा डबा ठेवायचो. नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहून टाकायचा. हेडसर म्हणाले, "आधी मी तपासणार."

नववीच्या चाळीस चिठ्ठ्या केबिनमध्ये गेल्या, तीन बाहेर आल्या. दोन डासांबद्दल. तिसरीत विचारलं होतं, पीटीचा तास बुडणार का?

*

दोस्तांनी भरीला घातलं तर 'नाही' कसं म्हणायचं, याची आम्ही नाटुकली बसवली. पोरांनी जीव ओतला.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी नववीला मैदान साफ करायला सांगितलं. अख्खा वर्ग ताठ उभा राहिला. "नाही सर. विचारल्याबद्दल थँक्यू!"

*

वाशीच्या एका सोसायटीत पालकांची मीटिंग होती. एक काका म्हणाले, "आमच्यात असलं काही नसतं. तुम्ही तुर्भ्याला जा."

गेलो. तिथल्या वस्तीत एक दादा हसले, "आमच्यात नाय हो मॅडम. ते वाशीच्या फ्लॅटवाल्यांचं टेन्शन!"

*

शेवटी हेडसरांकडे एक पालक आलीच. करावे गावची मासळीवाली. टोपली दाराशी ठेवून थेट केबिनमध्ये. आम्ही तिघं तिथेच बसलो होतो.

"माज्या पोरान काल जेवताना सगला सांगितला," ती म्हणाली.

हेडसरांनी आमच्याकडे असं बघितलं, की मी गुपचूप पर्स उचलली. जाम वाईट वाटलं.

"माफ करा बाई, आजपासून हा कार्यक्रम बंद..."

"बंद कशाला? पोराला शिकवला, बरा केला. आता मना पन शिकवा. माजा नवरा ट्रकवर हाय. त्याला कसा सांगाचा?"